शिवप्पाचा प्रीॲम्प आणि अक्काचे कान

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ९ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास,
शिवप्पाचा शि. सा. न. वि. वि.

तू सारखी फोन करत होतीस असं तुझ्या नंदीशनं सांगितलं. सात रस्त्याच्या या भागात हल्ली रेंज नीट मिळत नाही. फोन लागला तरी समोरचा माणूस पाण्याच्या टाकीत उभा राहून बोलतोय असं वाटतं. म्हणून यापुढे पत्रच लिहायचं ठरवलं आहे. तू जन्मभर शाळेत शुद्धलेखन शिकवलंस, तुलाही बरं वाटेल.

धनलक्ष्मी हुबळीला लेकीच्या, चंद्रिकाच्या, बाळंतपणात अडकली आहे. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. ती संक्रांतीपर्यंत येत नाही. स्वयंपाक मी करतो. भात रोज जमतोच असं नाही.

रिटायर झाल्यावर वरच्या खोलीत मी काय करत बसतो, असं तू नंदीशला विचारलंस म्हणे. कुंडलिकसाठी प्रीॲम्प्लिफायर करतो आहे. कुंडलिक म्हणजे सांगोल्याचा, पॉलिटेक्निकमधला माझा विद्यार्थी. इलेक्ट्रॉनिक्स त्याला झेपलं नाही, डाळिंब झेपलं. आता त्याची डाळिंबं दुबईला जातात आणि त्यानं मळ्यात फक्त गाणं ऐकायला एक खोली बांधली आहे. खोलीला खिडकी नाही. आत तुझ्या कपाटाएवढे दोन स्पीकर आहेत.

प्रीॲम्पचं काम तुला थोडक्यात सांगतो. एका टोकाला रेकॉर्ड वाजवणारं यंत्र, दुसऱ्या टोकाला स्पीकर हलवणारे मोठे ॲम्प्लिफायर, मध्ये हा डबा. कुठलं यंत्र ऐकायचं ते त्यानं निवडायचं, आवाज लहानमोठा करायचा आणि पुढे पाठवायचा. आपलं स्वतःचं काही घालायचं नाही. चांगला प्रीॲम्प काहीच करत नाही. ते काही न करणं फार अवघड असतं, आणि महाग. त्यातून कुंडलिकला बॅलन्स्ड हवा आहे.

नंदीशबरोबर पाठवलेल्या कडक भाकऱ्या पोचल्या. चटणी उत्तम. भाकऱ्या मात्र या खेपेला मऊ पडल्या होत्या. पावसाळी हवा असेल. वाईट वाटून घेऊ नकोस.

घरातल्या मोठ्यांना शरणु, लहानांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो पत्रातूनही चालावा.

तुझा,
शिवप्पा


मैंदर्गी, १६ सप्टेंबर २०२४

चि. शिवप्पास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा भाकरीपाशीच थांबले. माझ्या हातची कडक भाकरी आजवर कधी मऊ पडली नाही. त्याच दुरडीतली एक नंदीशनं एस.टी.त खाल्ली, तर पुढच्या सीटवरच्या बाईनं काय मोडलं म्हणून वळून बघितलं. तुला दुसऱ्या कुणी भाकऱ्या दिल्या असतील तर तसं स्पष्ट लिही की.

रेंजचं म्हणशील, तर तुझ्या खालच्या मजल्यावरची बसम्मा रोज दुपारी आमच्या गल्लीतल्या बसव्वाशी फोनवर बोलते. तुझ्या घरी किती वाजता काय शिजलं आणि काय करपलं, ते मला तिच्याकडून कळतं. तिच्या फोनला रेंज येते. एक जिना चढला की ती संपते काय?

काही न करणारी वस्तू महाग पडते, हे मला लगेच पटलं. आपल्या घरात असे दोन जावई होऊन गेले. पण बॅलन्स्ड म्हणजे काय ते तू लिहिलं नाहीस. शिकवायला बसलास की नेहमी महत्त्वाचं तेच राहून जातं तुझं.

इथं पाऊस बरा आहे, तूर चांगली आली आहे. भाताला पाणी दुप्पट घाल आणि झाकण उघडून बघत बसू नकोस. माझा लोभ कमी झालेला नाही, पण भाकरीचा खुलासा आल्याशिवाय वाढणार नाही.

तुझी,
सावित्रम्मा


सोलापूर, २१ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, माफ कर. काम संपत आलं आहे. बॅलन्स्ड म्हणजे काय ते आता नीट सांगतो.

कुंडलिकच्या खोलीच्या भिंतीपलीकडे त्याचं डाळिंबांचं शीतगृह आहे. तिथला कॉम्प्रेसर सुरू झाला की स्पीकरमधून घोड्यानं टाप आपटल्यासारखा आवाज यायचा. तारा लांब आहेत, वाटेत जे सापडेल ते उचलतात. उपाय असा, की गाणं एका तारेतून न पाठवता दोन तारांतून पाठवायचं. एकीत सुलटं, दुसरीत उलटं. कॉम्प्रेसरची घाण वाटेत पडली तर दोन्हींवर सारखीच पडते. शेवटी दोन्हींची वजाबाकी करायची. घाण सारखी असल्यानं ती जाते. गाणं उलटसुलट असल्यानं ते दुप्पट होतं.

मात्र दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या असतील तरच हे जमतं. वीज अडवणाऱ्या रेझिस्टरवर छापलेला आकडा एकच असतो, प्रत्यक्षात प्रत्येकाचा थोडा निराळा निघतो. मी पिशवीभर आणतो, एकेक मीटरला लावतो आणि जुळणाऱ्या जोड्या वेगळ्या काढतो. पत्रिका बघण्यासारखंच आहे, फक्त इथं कुणी वय चोरत नाही. आवाजासाठी साधं फिरतं बटण चालत नाही, त्याच्या आतल्या पट्ट्या कधीच सारख्या सरकत नाहीत. म्हणून छोटे रिले लावले, ते एकेक रेझिस्टर आत घेतात किंवा बाहेर काढतात. हे रिले टिकटिक करतात असं पुस्तकात लिहिलं आहे. माझे करत नाहीत. चांगल्या प्रतीचे असावेत.

वीज देणारा ट्रान्सफॉर्मर घरघरतो, त्याला वेगळ्या डब्यात लांब ठेवला. तारेवरचं जाळीचं आवरण आत शिरताच डब्याच्या पत्र्याला जोडलं. ते तसंच सर्किटपर्यंत आत नेलं, तर बाहेरची घाण आगंतुक पाहुण्यासारखी थेट स्वयंपाकघरात येते. मग सगळं मोजलं. यंत्राची स्वतःची कुरबुर इतकी थोडी आहे की माझ्या मीटरला ती सापडत नाही. मुलांना मी वर्गात नेहमी सांगायचो, कान हा साक्षीदार आहे, निकाल मीटरचा.

मोजून झाल्यावर कुंडलिकचा निरोप आला की आवाजाचा आकडा सोफ्यावरून दिसला पाहिजे. मला त्याची हौस नाही, पण खोली त्याची आहे. लाल आकड्यांची एक पट्टी बसवली. पुन्हा सगळी मांडामांड करून मोजायचा कंटाळा आला, म्हणून हेडफोन लावून ऐकलं. पूर्ण शांतता होती.

भाकरीवरून वाद नको. दसऱ्याला पाठवलेल्याही मऊच होत्या, पण चव चांगली. बसम्माचा फोन वेगळ्या कंपनीचा आहे.

सर्वांना शरणु. तुझा लोभ अडवून धरू नयेस, ही विनंती.

तुझा,
शिवप्पा


सोलापूर, ११ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळी झाल्यावर सांगोल्याला यंत्र बसवून आलो. पसंत पडलं.

कुंडलिकनं बायको विजयमालाबाई, मुलगी, म्हातारी आई आणि शेजारचे दोघे-तिघे बागायतदार, सगळ्यांना खोलीत बसवलं होतं. मी आधी गाणं न लावताच यंत्र सुरू केलं, म्हणजे त्यांना शांतता ऐकू यावी. सगळ्यांचे चेहरे एकदम बदलले. अशी शांतता त्यांनी पूर्वी ऐकलेली नसणार. कुंडलिकचा कुत्रा उठून बाहेर गेला. त्याला संगीताची सवय नसावी, पण गाणं तर अजून लागलंच नव्हतं. मुलीनं कानांवर हात ठेवले. हल्लीच्या मुलांना कशातच धीर नाही. एका बागायतदारानं विचारलं की घरात कुटं कुकर लावलाय का. विजयमालाबाई बघायला गेल्या त्या परत आल्या नाहीत, डोकं दुखत होतं म्हणे. दिवसभर रांधत होत्या बिचाऱ्या.

मग भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर सुरू झाला. मी बोट वर केलं. स्पीकरमधून टाप नाही, काही नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यात मोकळी दाद कुंडलिकच्या आईनं दिली. लई गार वाटतंय बाबा, या घरात इतकी शांतता मी कधी बघितली न्हाय, म्हणाल्या. जाणकार बाई आहेत. कुंडलिक एकदम वाकून पाया पडला. त्याला भरून आलं होतं.

आता मुख्य बातमी. पुण्याचे एक गृहस्थ आहेत. अशा खोल्या बांधणाऱ्या लोकांना ते अशी यंत्रं विकतात. कुंडलिकनं त्यांना डिसेंबरात सांगोल्याला बोलावलं आहे. ऐकून पसंत पडलं तर आपल्या दुकानात ठेवतील. मी त्यांच्यासाठी अगदी तसंच दुसरं यंत्र जुळवायला घेतलं आहे. अक्का, पॉलिटेक्निक सुटल्यापासून सर म्हणून कुणी काही विचारायला येईल असं मला वाटलं नव्हतं. खोटं कशाला लिहू, बसमध्ये मी गुणगुणत होतो.

घरच्यांना शरणु. ही बातमी गल्लीत सांगायला हरकत नाही.

तुझा,
शिवप्पा


सांगोला, २० नोव्हेंबर २०२४

आदरणीय सावित्रम्मा अक्कांस,
कुंडलिकचा सा. न. वि. वि.

मला तुमी ओळखत असाल. नंदीशदादांच्या लग्नात पंगतीत मठ्ठा मी वाढत होतो. सर फोन उचलत न्हाईत, आणि उचलला तरी हे मला त्यांच्याशी बोलता येणार न्हाई, म्हणून तुमाला लिहितोय. चुकलं तर पदरात घ्या.

अक्का, सरांच्या यंत्रातून शिट्टी येते. मोठी न्हाय, बारीक, सुईसारखी, पण थांबत न्हाय. कॉम्प्रेसरचा दणका साफ गेला हे खरं हाय, ते काम सरांनी लई भारी केलंय. पण शिट्टी हाय. आधी मला वाटलं माझीच जोडणी चुकली असणार, मला कुठं काय येतंय. सगळ्या तारा काढून परत लावल्या. शीतगृह बंद करून बघितलं. स्पीकर बदलून बघितले. शिट्टी हायच. घरात आता त्या खोलीला कुकर म्हणतात.

त्या दिवशी यंत्र सुरू झालं आणि सर खोलीच्या मधोमध उभं राहून आमच्याकडं बघून हसत होते. त्यांना तसं हसताना मी वर्गात कधी बघितलं नव्हतं. सांगायचं कुणी? मला सुचेना म्हणून मी पाया पडलो. तेव्हापासून रोज तासभर तितं बसतो. सरांनी विचारलं तर ऐकतो म्हणून खरं सांगता यावं.

आता पुण्याचे साहेब येणार. त्यांच्यासमोर सरांची मान खाली जायला नको. एकच गोष्ट लिहितो आणि थांबतो. ती शिट्टी माझ्या आईला आणि सरांना सोडून सगळ्यांना ऐकू येते. आईचं वय ब्याऐंशी हाय.

डाळिंबाची पेटी वेगळी पाठवलीय. माझ्यावर लोभ असू द्या.

आपला,
कुंडलिक


मैंदर्गी, २५ नोव्हेंबर २०२४

चि. शिवप्पास,
अनेक आशीर्वाद.

तम्मा, धाकटा आहेस म्हणून सांगते, या पत्रात चेष्टा नाही.

तुला कमी ऐकू येतंय. कुंडलिकच्या यंत्रातून बारीक शिट्टी येते, ती त्या खोलीत सगळ्यांना ऐकू आली, तुला आली नाही. कुत्रा उठून गेला तो त्यासाठीच, पोरीनं कान झाकले ते त्यासाठीच. घरात कुकर लावलेला नव्हता. पोरगा तुझ्या मानापायी रोज ते ऐकत बसतो. त्यानं मला लिहिलं, त्याच्यावर चिडू नकोस.

तुझं पहिलं पत्र काढून परत वाचलं आणि माझ्याच कपाळावर हात मारून घेतला. फोनला रेंज आहे. भाकऱ्या कडक होत्या. दाताखाली मोडल्याचा कुडुम आवाज तुला आला नाही, म्हणून तुला त्या मऊ लागल्या. मी इकडे ज्वारीला दोष देत बसले.

धनलक्ष्मीला फोन केला. तिला ठाऊक होतं म्हणावं तर होतं. तिला वाटत होतं की तू तिचं ऐकायचंच सोडून दिलंस. संसार जुना झाला की होतं तसं, म्हणून ती कुणापाशी बोलली नाही. कान गेलेत म्हटल्यावर तिला फार बरं वाटलं.

हे वाचून तुला राग येईल. येऊ दे. पण आलेला राग मीटरला लावून बघ.

तुझ्यावर लोभ आहे म्हणूनच लिहिलं, नाहीतर गप्प बसणं मलाही येतं.

तुझी,
अक्का


सोलापूर, २९ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. सावित्रम्मा यांस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. माझे कान उत्तम आहेत. यंत्राची मोजमापं माझ्याकडे लेखी आहेत, हवी असल्यास प्रत पाठवतो. कुंडलिकला पहिल्या वर्षापासून जोडणी जमत नाही, हे त्याच्या गुणपत्रिकेवरूनही दिसेल. धनलक्ष्मीला विनाकारण त्रास दिला गेला, हे बरं झालं नाही.

माझ्या कामाची चर्चा मैंदर्गीत थांबावी, एवढीच अपेक्षा.

आपला,
शिवप्पा


सोलापूर, ५ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
तुझ्या तम्माचा शि. सा. न. वि. वि.

मागचं पत्र चुलीत घाल.

ते टपालात टाकून घरी आलो आणि माझंच पत्र मला डाचायला लागलं. मोजमापं आहेत असं मी लिहिलं होतं. ती लाल आकड्यांची पट्टी बसवण्याच्या आधीची आहेत. नंतर मी फक्त ऐकलं होतं.

म्हणून आधी ज्यानं ऐकलं त्याला तपासायचं ठरवलं. स्वर काढणारं यंत्र आणि हेडफोन घेऊन बसलो. खालच्या स्वरापासून हळूहळू वर गेलो. सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपास स्वर नाहीसा झाला. हेडफोन बिघडला म्हणून दुसरा घेतला. मग स्वराचं यंत्र बिघडलं असेल म्हणून ते लाटा दाखवणाऱ्या पडद्याला जोडलं. पडद्यावर लाट उभी होती, अक्का, पूर्ण उंचीची. मी तिच्याकडे बघत होतो आणि खोलीत काहीच नव्हतं. बसम्माला वर बोलावून तिच्या कानाला हेडफोन लावला. तिनं तो झटक्यात काढून टाकला आणि काहीतरी म्हणाली. काय ते कळलं नाही, पण आशीर्वाद नसावा.

निकाल असा: उजवा कान चार हजारांपर्यंत बरा, डावा त्याच्या आधीच थांबतो. पुढे दोन्हींकडे काही नाही. शिवाय दोन्ही बाजू एकमेकींशी जुळत नाहीत. अशी जोडी मी यंत्रात बसवली नसती.

यंत्र चुकलं याचं मला इतकं वाटलं नाही. यंत्रं चुकतात, दुरुस्त होतात. पण त्या दिवशी त्या खोलीत सगळे सोसत होते आणि मी मधोमध उभा राहून हसत होतो, ते सारखं डोळ्यांपुढे येतं.

पुण्यासाठी केलेल्या दुसऱ्या यंत्राला मीटर लावला. सात हजारांवर काट्यासारखी टोकदार रेघ. लाल आकडे दिसायला स्थिर दिसतात, पण त्यांना उजळवणारं सर्किट त्यांना सेकंदाला हजारो वेळा विझवून पेटवत असतं. त्याची वीज मी आतल्याच तारेवरून घेतली होती, आणि ती तार एकाच बाजूजवळून जात होती. घाण बाहेरून आली असती तर दोन्हींवर सारखी पडून वजा झाली असती. ही घरातच जन्मली आणि एकाच बाजूला चिकटली, म्हणून वजाबाकीतून सुटली. आता आकड्यांना वेगळी वीज दिली आहे, मध्ये पत्रा घातला आहे आणि सतत पेटणारे दिवे लावले आहेत. मोजलं. रेघ गेली.

तरी मला एकट्यानं मीटरवर विसंबायचा धीर होत नाही. पुण्याचे गृहस्थ रविवारी बावीस तारखेला येतात. आदल्या दिवशी तू सांगोल्याला येऊन ऐकशील का? कुंडलिकला माझ्या कानांचं मीच सांगणार आहे. तेवढं माझ्यासाठी ठेव.

माझ्या मागच्या पत्राइतकी मोठी चूक करूनही लोभ मागतो आहे.

तुझा,
शिवप्पा


मैंदर्गी, ९ डिसेंबर २०२४

चि. शिवप्पास,
अनेक आशीर्वाद.

येते. नंदीश गाडीनं आणून सोडेल, रविवारी सकाळी परत नेईल, त्याला दुकान आहे.

जे ऐकू येईल तेच सांगेन. भाऊ म्हणून सूट मिळणार नाही. मागचं पत्र चुलीत घातलेलं नाही, त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

कानाचे डॉक्टर सोलापुरात आहेत. जिना उतरलास की सापडतील.

लोभ होता तिथंच आहे.

तुझी,
अक्का


सोलापूर, २६ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू रविवारी सकाळी निघालीस, पुढचं सांगायचं राहिलं.

आधी शनिवारचं. यंत्र सुरू झाल्यावर तू डोळे मिटून बसलीस आणि शेवटी म्हणालीस की काहीच ऐकू येत नाही. तेव्हा कुंडलिकनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं, तू बघितलं नसशील. तुम्ही यायच्या आधी मी त्याला मळ्यात बाजूला नेऊन सगळं सांगितलं होतं आणि त्याच्या यंत्राचीही तीच दुरुस्ती केली होती. मी त्याला म्हटलं की वर्गात चूक दाखवणाऱ्या मुलाला मी कधी रागावलो होतो का. तो म्हणाला की सर, दर वेळी रागावत होता. मला ते आठवत नाही. पण तो खोटं बोलणाऱ्यातला नाही.

रविवारी पुण्याचे गृहस्थ आले. अंगात कोट होता, बोलणं हळू. त्यातलं निम्मं मी ओठांवरून घेतलं. त्यांनी पुष्कळ ऐकलं, आवडलं म्हणाले. मग विचारलं की शेवटचं ऐकून पारखण्याचं काम कोण करतं. कुंडलिक मोठ्यानं खोकला. तो खोकला मला ऐकू आला, तो चार हजारांच्या खाली आहे. मी सांगून टाकलं की माझे कान चार हजारांपर्यंतच आहेत, मी मोजतो, आणि ऐकून सांगायला मैंदर्गीहून बहीण येते. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली. कुंडलिकनं तेवढ्यात डाळिंबाचा रस आणायला लावला. शेवटी ते म्हणाले की एक यंत्र दुकानात ठेवून बघू, पण कानांचा उल्लेख माहितीपत्रकात नको. मी म्हटलं की त्यात फक्त मोजमापं असतात, कानांना तिथं कधीच जागा नव्हती. तर एक यंत्र पुण्याला गेलं. पुढचं पुढे.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. कानांत यंत्रं बसवली आहेत. बसव्वा तुझ्याबद्दल बसम्माला काय काय सांगते ते आता मला वरच्या मजल्यावर कळतं. धनलक्ष्मीशी फोनवर बोललो. ती खूप बोलली. पण गाण्याला ही यंत्रं चालत नाहीत. तंबोरा पत्र्याच्या डब्यात ठेवून वाजवल्यासारखा लागतो. म्हणून गाणं ऐकताना ती काढून ठेवतो आणि जेवढं येतं तेवढं ऐकतो.

आता एक मागणं. शनिवारी कुंडलिकनं ती जुनी रेकॉर्ड लावली, कुणा बाईंनी अभंगासारखी गायलेली कन्नड वचनं. मध्येच एकदा तू, कुंडलिक, विजयमालाबाई, ती मुलगी, सगळ्यांनी एकदम वर बघितलं. मीही बघितलं. तिथं काही नव्हतं. अक्का, हे यंत्र मी केलं. त्यातला रेझिस्टर न् रेझिस्टर मला ठाऊक आहे. पण त्यातून काय बाहेर येतं ते मला ठाऊक नाही. तुला काय काय ऐकू आलं ते लिहून कळवशील का? घाई नाही.

सर्वांना शरणु. लोभ जेवढा असेल तेवढा या वेळी कागदावर उतरव.

तुझा,
शिवप्पा


मैंदर्गी, २ जानेवारी २०२५

चि. शिवप्पास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

कुंडलिकला फोन करून ती रेकॉर्ड परत लावायला लावली आणि फोनवर ऐकून बघितलं. फोनमधून त्यातलं काहीच येत नाही. म्हणून त्या दिवसाचं जेवढं आठवतं तेवढं लिहिते.

सुरुवातीला तंबोरा. त्याचा जाड आवाज तुलाही येत असेल. त्याच्या वर एक बारीक किरकिरता स्वर असतो, कुणी छेडलेला नसतो, आपला आपणच उठतो. तो सबंध वेळ होता, उन्हात कोळ्याचं जाळं चमकावं तसा. बाई गायला लागायच्या आधी श्वास घेतात, तो ऐकू येतो. दर ओळीच्या आधी. उतारवयातल्या असाव्यात, कारण शेवटी शेवटी तो श्वास लांबतो. ‘शरण’ म्हणताना त्यांचा श दातांतून निसटतो. एक दात पडलेला असणार. हे मी तिथं बोलले नाही, विजयमालाबाई हळव्या झाल्या होत्या.

ताल त्या मांडीवर धरतात, कारण समेवर बांगड्या वाजतात. काचेच्या, दोन-चारच असतील. पेटीवाल्याचा भाता वर येताना चुईं करतो, त्याला तेल हवं होतं. दुसऱ्या वचनाच्या शेवटी कुणीतरी छोटी झांज वाजवली. तिचा आवाज पटकन संपला नाही. बारीक होत होत गेला, गेला, आता संपला म्हणावं तरी होता. मी त्याच्या मागे मागे गेले आणि मग मला कळेना की तो अजून आहे की मीच धरून बसले आहे. त्या वेळी खोलीत कुणी हललं नाही. कुंडलिकची मुलगीसुद्धा.

आणि वर बघितलं ते पक्ष्यासाठी. तिसरं वचन चालू असताना एक पक्षी ओरडला, लहानसा, दोनच सूर, पुन्हा पुन्हा. मला वाटलं डाळिंबाच्या बागेतला असेल, पण त्या खोलीला खिडकी कुठं आहे? कुंडलिकनं रेकॉर्ड थांबवली, पक्षी थांबला. लावली, परत ओरडला. म्हणजे बाई गात होत्या त्या दिवशी त्यांच्या खिडकीबाहेर तो बसला होता. पन्नास-साठ वर्षं झाली असतील. पक्षी गेला, बाईही बहुधा गेल्या. कुणी हाकललं नाही म्हणून तो आत आला आणि राहिला. तुझ्या यंत्रानंही त्याला हाकललं नाही.

तो ओरडला तेव्हा आम्ही सगळे वर बघत होतो. तू आमच्याकडे बघून वर बघितलंस, मग डोळे मिटलेस आणि मान डोलावलीस. ती गाण्याला असेल. मी ती पक्ष्याला दिलेली दाद समजले.

इथं सर्व क्षेम आहे. लोभ आहेच, मोजत बसू नकोस.

तुझी,
अक्का